जुना गेमपॅड, नवा गेम : वाचकांचे प्रश्न

घरात पडून असलेला यूएसबी गेमपॅड संगणकाला जोडला की विंडोज तो ओळखते, पण गेम मात्र त्याची दखलच घेत नाही, अशा तक्रारीची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात. त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात एकत्र उत्तर देत आहोत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी घेतलेला साधा यूएसबी गेमपॅड माझ्याकडे आहे. ‘क्रिकेट ०७’ मध्ये तो उत्तम चालतो. पुतण्याच्या हट्टामुळे ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ घेतला, पण तिथे फलंदाज जागचा हलत नाही. दुकानदाराच्या मते पॅड बाद झाला असून नवा घेण्यावाचून इलाज नाही. हे खरे आहे का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पॅड बाद झाला असता तर ‘क्रिकेट ०७’ मध्येही तो चालला नसता. दोष पॅडचा नाही आणि गेमचाही नाही. दोघांचा एकमेकांशी संबंधच येत नाही, ही खरी अडचण आहे.

गेमने पॅडची स्थिती विचारायची आणि विंडोजने ती सांगायची, यासाठी मायक्रोसॉफ्टने वेगवेगळ्या काळात दोन पद्धती दिल्या. पहिली ‘डायरेक्टइनपुट’, ही नव्वदच्या दशकात आली. तिच्यात पॅड स्वतःविषयी फारच मोघम माहिती देतो : माझ्याकडे इतके अक्ष (म्हणजे दांडीच्या आडव्या-उभ्या हालचालीच्या दिशा) आहेत, इतकी क्रमांकित बटणे आहेत आणि एक डी-पॅड (चार दिशांचे बटण) आहे. क्रमांक १ चे बटण नेमके कुठे असावे, याचा कोणताही नियम नाही. एका कंपनीच्या पॅडवर ते सर्वांत वर असते, दुसरीच्या पॅडवर सर्वांत खाली. म्हणून त्या काळातील गेममध्ये सेटिंगच्या पानावर जाऊन ‘फटका म्हणजे हे बटण, धाव म्हणजे ते बटण’ असे एकदा शिकवावे लागे. २००६ मध्ये आलेला ‘क्रिकेट ०७’ या पठडीतला आहे.

दुसरी पद्धत ‘एक्सइनपुट’. ती २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या पॅडबरोबर आली. तिने सगळे आधीच ठरवून टाकले : दोन स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या दांड्या), दोन ट्रिगर (बोटाने ओढायची पुढची बटणे), एक डी-पॅड, ए, बी, एक्स, वाय अशी ठरलेल्या नावांची बटणे, कंपनासाठी दोन मोटारी, आणि एका वेळी जास्तीत जास्त चार पॅड. गेम लिहिणाऱ्यांचे काम यामुळे एकदम हलके झाले. पडद्यावर हिरवा ‘ए’ दाखवून मोकळे होता आले आणि बटणे शिकवण्याचे पानच उरले नाही. त्याची किंमत मात्र जुन्या पॅडच्या मालकांनी मोजली. जो गेम फक्त एक्सइनपुटलाच विचारतो, त्याच्या लेखी डायरेक्टइनपुटवाला पॅड अस्तित्वातच नसतो. २०१४ मध्ये संगणकावर आलेल्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ मध्ये तर डाव्या स्टिकने पायांची हालचाल आणि उजव्या स्टिकने फटक्याची दिशा ठरवायची असल्यामुळे पॅडवाचून खेळण्यात काही मजाच नाही.

यावर उपाय एमुलेटरचा. एमुलेटर, म्हणजे दुसऱ्या उपकरणाचे सोंग वठवणारे सॉफ्टवेअर, या दोघांच्या मध्ये दुभाष्यासारखा बसतो. तो तुमच्या पॅडकडून डायरेक्टइनपुटमध्ये माहिती घेतो आणि गेमला ती एक्सइनपुटमध्ये, म्हणजे जणू काही एक्सबॉक्स ३६० चाच पॅड जोडलेला आहे अशा थाटात, पुरवतो. या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ‘एक्स३६०सीई’. मात्र ते उतरवून घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे, कारण अर्ध्याअधिक तक्रारी तिथेच मिटतात.

पहिली तपासणी पॅडची. विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल असे टंकून एंटर दाबा. जोडलेल्या पॅडची यादी दिसेल. तुमचा पॅड निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तेथे प्रत्येक बटण दाबल्यावर लाल ठिपका पेटला पाहिजे आणि स्टिक फिरवल्यावर चौकोनातील अधिकचे चिन्ह सरकले पाहिजे. डावी स्टिक फिरवूनही ते चिन्ह थेट कडेला आदळत असेल, किंवा उजवी स्टिक हलवल्यावर बटणांचे ठिपके पेटत असतील, तर पॅडवरील ‘अ‍ॅनालॉग’ किंवा ‘मोड’ असे लिहिलेले बटण एकदा दाबून लाल दिवा लावा. तो दिवा बंद असताना स्वस्त पॅड आपल्या स्टिकना डी-पॅड आणि चार बटणे बनवून टाकतात. हे माहीत नसल्यामुळे चांगले पॅड कचऱ्यात गेलेले आम्ही पाहिले आहेत.

दुसरी तपासणी पॅड उलटा करून करायची. लॉजिटेकच्या एफ३१० आणि एफ७१० या पॅडवर ‘डी’ आणि ‘एक्स’ अशी खूण असलेली बारीक सरकपट्टी असते. ती ‘एक्स’कडे सरकवली की पॅड स्वतःच एक्सइनपुटमध्ये बोलू लागतो आणि एमुलेटरची गरजच राहत नाही. इतर काही पॅडमध्ये हाच बदल मधले बटण काही सेकंद दाबून धरल्यावर होतो. पॅडसोबत आलेला कागद सापडला तर तो वाचावा.

दोन्ही तपासण्यांनंतरही अडचण कायम असेल आणि संगणकावर विंडोज १० किंवा ११ असेल, तर एक्स३६०सीईची चौथी आवृत्ती घ्या. ती ‘व्हायजेमबस’ नावाचा ड्रायव्हर (विंडोजला उपकरणाची ओळख करून देणारे सॉफ्टवेअर) बसवून संगणकात एक आभासी एक्सबॉक्स पॅड निर्माण करते. या ड्रायव्हरच्या निर्मात्याने २०२३ मध्ये त्याचा पुढील विकास थांबवला असला, तरी तो आजही चालतो. सॉफ्टवेअर उघडून ‘कंट्रोलर १’ या पानावर तुमचा पॅड जोडा. पडद्यावर एक्सबॉक्स पॅडचे चित्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक बटणासाठी एक रिकामी पेटी दिसेल. पेटीवर टिचकी मारून यादीतून ‘रेकॉर्ड’ निवडायचे आणि जे बटण तिथे हवे ते पॅडवर दाबायचे, की पेटीत त्याचा क्रमांक उमटतो. स्टिकच्या बाबतीत आडवा आणि उभा अक्ष वेगवेगळा नोंदवावा लागतो. सर्व झाल्यावर ‘सेव्ह’ करा. एक गोष्ट अनेक जण विसरतात : चौथ्या आवृत्तीत गेम चालू असेपर्यंत हे सॉफ्टवेअर बंद करायचे नसते, फक्त खाली दडवून ठेवायचे असते. ते बंद केले की आभासी पॅडही नाहीसा होतो आणि ऐन षटकाच्या मध्यात फलंदाज पुन्हा दगडासारखा उभा राहतो.

गेम ‘स्टीम’ या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतला असेल तर याहूनही सोपा मार्ग आहे. स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘कंट्रोलर’ या भागात सर्वसाधारण पॅडसाठी ‘स्टीम इनपुट’ चालू करण्याची सोय असते. तीही हेच भाषांतर करते, वेगळा ड्रायव्हर शोधत बसावे लागत नाही, आणि बाहेरून आणलेला गेमही ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून यादीत जोडता येतो. आमच्या मते विंडोज १० किंवा ११ वर प्रथम हाच मार्ग वापरून पाहावा. फक्त स्टीम इनपुट आणि एक्स३६०सीई ही दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. त्याचे परिणाम पुढच्या एका पत्रात आहेत.

प्रश्न : आमच्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे आणि ते बदलण्याइतका संगणक दणकट नाही. आम्हाला काही मार्ग आहे का? — एक वाचक, परभणी

उत्तर : आहे. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा पाठिंबा काढून घेतला, त्यामुळे तो मार्ग तुमच्यासाठी बंद झाला. पण एक्स३६०सीईची तिसरी आवृत्ती तुमच्या उपयोगाची आहे. ती कोणताही ड्रायव्हर बसवत नाही. तिची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये, ज्या ‘ईएक्सई’ फाइलने गेम सुरू होतो तिच्या शेजारी ठेवून चालवायची. ती तिथे ‘एक्सइनपुट१_३’ या नावाची डीएलएल फाइल (गेम चालताना मदतीला घेतो तो सॉफ्टवेअरचा सुटा भाग) आणि मॅपिंग, म्हणजे कोणते बटण कशासाठी याची नोंद, साठवणारी एक ‘आयएनआय’ फाइल तयार करते. गेम सुरू होताना विंडोजच्या मूळ डीएलएलऐवजी शेजारची ही फाइल उचलतो आणि भाषांतर तिच्यातच घडते. म्हणून येथे बटणे नेमून झाल्यावर सॉफ्टवेअर बंद करायचे असते, चौथ्या आवृत्तीच्या अगदी उलट. प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये हे वेगळे करावे लागते, एवढाच काय तो त्रास.

सगळे नीट करूनही गेमने दाद दिली नाही, तर तो दुसऱ्या नावाची डीएलएल मागत असण्याची शक्यता आहे. एक्सइनपुटच्या १_१, १_२, १_३, १_४ आणि ९_१_० अशा आवृत्त्या आहेत. फाइलची प्रत करून तिला यांपैकी दुसरे नाव देऊन पाहावे; बहुतेक वेळा १_३ किंवा ९_१_० या नावावर काम होते.

प्रश्न : तिसरी आवृत्ती गेमच्या फोल्डरमध्ये ठेवल्यापासून गेम उघडतच नाही. ‘०एक्ससी००००००७बी’ असा त्रुटीचा संदेश येतो. व्हायरस असेल का? — एक वाचक, वास्को

उत्तर : हा संदेश व्हायरसचा नाही. गेम ३२ बिटचा आणि डीएलएल ६४ बिटची, किंवा याच्या उलट, अशी गल्लत झाली की विंडोज हा आकडा दाखवते. संगणक ६४ बिटचा असला तरी गेमही ६४ बिटचा असेल असे नाही. जुने बरेचसे गेम ३२ बिटचेच आहेत. डीएलएल तात्पुरती बाजूला काढून गेम सुरू करा, टास्क मॅनेजरमधील ‘डिटेल्स’ या पानावर स्तंभांच्या मथळ्यावर उजवी टिचकी मारून ‘प्लॅटफॉर्म’ हा स्तंभ दाखवायला सांगा आणि गेमच्या नावासमोर काय लिहिले आहे ते बघा. त्यानुसार एक्स३६०सीईची योग्य प्रत वापरली की प्रश्न सुटेल.

व्हायरसची भीती तुम्ही वेगळ्या जागी बाळगायला हवी होती. हे सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ‘गिटहब’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ठेवण्याच्या संकेतस्थळावरील मूळ भांडारातूनच घ्यावे. नावात थोडासा फेरफार केलेली, ‘डाउनलोड’ असे लिहिलेली अनेक मोठी बटणे असलेली पाने शोधयंत्रात वरच येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या संकेतस्थळांचेही तसेच. एक्सइनपुट१_३ ही मूळ फाइलच संगणकावर नाही असा संदेश आला, तर मायक्रोसॉफ्टचे जून २०१० चे डायरेक्टएक्सचे मोफत पॅकेज बसवावे. आणि काहीही झाले तरी एमुलेटरची डीएलएल विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये टाकू नये. तसे केल्यास गडबड एका गेमपुरती न राहता संगणकावरील प्रत्येक गेममध्ये होईल.

प्रश्न : मेनूमध्ये एकदा खाली दाबले की निवड दोन ओळी खाली जाते. गाडीच्या गेममध्ये एकदा गिअर बदलला की दोन गिअर बदलतात. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या गेमला एकच पॅड दोनदा दिसत आहे. चौथ्या आवृत्तीचा आभासी पॅड तर दिसतोच, शिवाय गेम डायरेक्टइनपुटही जाणणारा असल्यामुळे त्याला तुमचा खरा पॅडही दिसतो. दोघांकडून तोच आदेश येतो आणि गेम तो इमानेइतबारे दोनदा पाळतो. स्टीम इनपुट आणि एक्स३६०सीई एकाच वेळी चालू असल्यावरही हेच होते, म्हणून आधी त्यांपैकी एक बंद करून बघा.

एवढ्याने भागले नाही तर ‘हायडहाइड’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. खऱ्या पॅडला इतर सर्व सॉफ्टवेअरपासून लपवून ठेवणे, एवढेच त्याचे काम. त्यात दोन याद्या असतात : कोणते उपकरण लपवायचे याची एक आणि लपवलेले उपकरण तरीही कोणाला दिसू द्यायचे याची दुसरी. पहिल्या यादीत तुमच्या पॅडसमोर खूण करा आणि दुसऱ्या यादीत एक्स३६०सीईची ईएक्सई फाइल जोडा. दुसरी पायरी गाळली तर एमुलेटरलाच पॅड दिसेनासा होतो आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. याद्या बदलल्यावर पॅड एकदा काढून पुन्हा जोडावा. पुढे कधी पॅड कुठेच दिसेना झाला, तर नवा आणण्याआधी त्या पहिल्या यादीत डोकावून बघा.

प्रश्न : स्टिकला हात न लावताही गेममधील माणूस हळूहळू डावीकडे सरकतो. उपाय म्हणून एमुलेटरमध्ये ‘डेडझोन’ वाढवला, तर सरकणे थांबले, पण आता स्टिक निम्मी सरकवेपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसतो. — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि त्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. स्टिकच्या तळाशी तिचे स्थान मोजणारे दोन पोटेन्शिओमीटर असतात. वापराने त्यांची पट्टी झिजते, धूळ बसते, आणि स्टिक मध्यावर असतानाही मोजमाप थोडे कलते. डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा असा टापू की ज्यातील हालचाल शून्य धरली जाते. कललेले मोजमाप त्या टापूत बसले की माणूस सरकायचा थांबतो, हे तुम्ही साधलेच.

पण गेमही गप्प बसलेला नसतो. एक्सइनपुटमध्ये स्टिकचे मोजमाप मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे ३२,७६७ पर्यंत जाते, आणि मायक्रोसॉफ्टने गेम लिहिणाऱ्यांना डाव्या स्टिकसाठी ७,८४९ व उजव्या स्टिकसाठी ८,६८९ एवढा डेडझोन सुचवलेला आहे. म्हणजे सुचवलेले आकडे जसेच्या तसे वापरणारा गेम स्टिकच्या पल्ल्याचा जवळजवळ पाव भाग आधीच सोडून देतो. त्यात तुम्ही एमुलेटरमध्ये आणखी पाव भाग सोडला की दोन्ही एकावर एक चढतात. निम्मी स्टिक वाया जाते, हा अनुभव त्याचाच.

उपाय असा. एमुलेटरमध्ये डेडझोन लहान ठेवा, म्हणजे स्टिक मोकळी सोडल्यावर पडद्यावरचा ठिपका मध्यावर थांबेल इतपतच. मग त्याच पानावर ‘अँटी-डेडझोन’ अशी सोय आहे, ती चालू करा. ती गेमने सोडून दिलेला भाग भरून काढते : स्टिक जराशी हलली की मोजमाप थेट ७,८४९ च्या पुढे नेऊन ठेवते, त्यामुळे गेमला हालचाल लगेच जाणवते. हा आकडा प्रत्येक गेमसाठी थोडा कमीजास्त करावा लागतो. चेंडू हलकेच ढकलण्यासारखी बारीक हालचाल जमेपर्यंत तो बदलत राहा.

यातून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. बहुतेक जुने पॅड स्टिकचे स्थान ० ते २५५ अशा आकड्यांत सांगतात. एमुलेटर तेवढ्याच पायऱ्या मोठ्या पट्टीवर ताणून बसवतो. मधल्या नव्या पायऱ्या तो निर्माण करू शकत नाही. दुर्बिणीतून नेम धरण्यासारख्या कामात हा फरक कळतो, क्रिकेट-फुटबॉलमध्ये सहसा कळत नाही.

प्रश्न : प्लेस्टेशन २ चे दोन मूळ पॅड जपून ठेवले आहेत. दोन पॅडचा यूएसबी कन्व्हर्टर आणला. एकच पॅड जोडला तरी विंडोज दोन दाखवते, आणि उजवी स्टिक वर केली की कॅमेरा आडवा फिरतो. — एक वाचक, लंडन

उत्तर : दोन पॅड दिसणे हा बिघाड नव्हे. कन्व्हर्टरची दोन तोंडे विंडोजला कायमच दोन उपकरणे म्हणून दिसतात, मग त्यांत पॅड खोचलेला असो वा नसो. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या पॅडच्या तपासणीच्या पानावर कोणते नाव जिवंत आहे ते पाहून तेवढेच ‘कंट्रोलर १’ला जोडा. दोघांनी मिळून खेळायचे असेल तर दुसरे नाव ‘कंट्रोलर २’ला.

कॅमेऱ्याचे कारण असे की, काही कन्व्हर्टर उजव्या स्टिकचे आडवा आणि उभा हे अक्ष परस्परांच्या जागी पाठवतात. आपोआप होणाऱ्या मॅपिंगला हे कळत नाही. ते पुसून टाका, उभ्या अक्षाच्या पेटीत ‘रेकॉर्ड’ निवडून स्टिक वर न्या आणि आडव्या अक्षाच्या पेटीत उजवीकडे न्या. वर केल्यावर कॅमेरा खाली जाऊ लागला, तर यादीतून त्याच अक्षाचा उलटा प्रकार निवडा. त्याच्या नावाआधी ‘आय’ हे अक्षर असते. पॅडवरील ‘अ‍ॅनालॉग’चा लाल दिवा लागलेला असल्याची खात्री या सगळ्याआधी करून घ्या.

प्लेस्टेशन २ च्या मूळ पॅडवरील बटणे दाब किती आहे तेही ओळखत असत, ही त्याची खासियत या वाटेने मिळत नाही. एक्सबॉक्स ३६० च्या पॅडची बटणे एक तर दाबलेली असतात किंवा नसतात. त्यामुळे एक्सइनपुटमध्ये ही माहिती ठेवायला जागाच नाही.

प्रश्न : मोटार शर्यतीच्या गेममध्ये जुन्या पॅडने गाडी एकतर पूर्ण वेगाने पळते किंवा थांबते. मधला वेग मिळतच नाही. — एक वाचक, बेळगाव

उत्तर : एक्सबॉक्स पॅडचा ट्रिगर ० ते २५५ असा कितीही दाबता येतो. तुमच्या पॅडवर त्या जागी साधी बटणे आहेत, म्हणून गेमला ० किंवा २५५ एवढे दोनच आकडे पोहोचतात. यावर खरोखर चांगला उपाय आहे : वेग आणि ब्रेक उजव्या स्टिकवर घ्या. एमुलेटरमध्ये उजव्या ट्रिगरच्या पेटीत स्टिकच्या उभ्या अक्षाचा अर्धा भाग आणि डाव्या ट्रिगरच्या पेटीत त्याच अक्षाचा दुसरा, उलटा अर्धा भाग नेमा. यादीत या प्रकारांची नावे अनुक्रमे ‘एचॲक्सिस’ आणि ‘आयएचॲक्सिस’ अशी दिसतील. स्टिक वर ढकलाल तेवढा वेग आणि खाली ओढाल तेवढा ब्रेक. कॅमेरा फिरवण्याची सोय यात जाते, पण शर्यतीत तिची आठवण कोणाला येते! वेग आणि ब्रेक एकदम दाबण्याची सवय असलेल्यांची मात्र या मांडणीत पंचाईत होते, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळतो. एमुलेटर वापरल्यास त्याचे खाते बंद होईल का? — एक पालक, ठाणे

उत्तर : ऑनलाइन गेमच्या फोल्डरमध्ये बाहेरची डीएलएल ठेवणे, म्हणजे एक्स३६०सीईची तिसरी आवृत्ती वापरणे, टाळावे. लबाडी पकडणाऱ्या यंत्रणा नेमक्या अशाच फाइली शोधत असतात; त्या डीएलएलचा हेतू निरुपद्रवी आहे हे त्यांना कळेलच असे नाही. स्टीम इनपुट हा येथे सर्वांत निर्धोक मार्ग आहे. आभासी पॅडचा मार्ग गेमच्या फाइलींना हात लावत नाही, तरीही त्या त्या गेमच्या नियमांत काय म्हटले आहे ते पाहूनच वापरावा. संगणकासमोर बसून एकट्याने खेळायच्या गेमसाठी ही चिंता करण्याचे कारण नाही.

प्रश्न : पॅडची बटणे कीबोर्डच्या बटणांना जोडणारी सॉफ्टवेअरही मिळतात. ती वापरली तर एमुलेटर कशाला हवा? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘जॉयटूकी’ किंवा मुक्तस्रोत ‘अँटीमायक्रोएक्स’ ही सॉफ्टवेअर पॅडचे बटण दाबल्यावर कीबोर्डचे बटण दाबल्याचा आभास निर्माण करतात. ज्या गेममध्ये पॅडची सोयच नाही, तिथे तीच उपयोगी पडतात. जुने प्लॅटफॉर्म गेम त्यांच्यावर छान खेळता येतात. पण कीबोर्डच्या बटणाला ‘थोडेसे दाबले’ ही अवस्था नसल्यामुळे स्टिकचा सगळा बारकावा जातो आणि कंपनही मिळत नाही. गेमला पॅड समजत असेल तर एमुलेटर, समजत नसेल तर ही सॉफ्टवेअर, अशी विभागणी करावी.

प्रश्न : नव्वदच्या दशकातील, १५ पिनांच्या जाड तोंडाची जॉयस्टिक माळ्यावर सापडली. ती आजच्या संगणकावर चालेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते तोंड गेमपोर्टचे. पूर्वी साउंड कार्डाच्या मागे तशी खाच असे. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने गेमपोर्टचा पाठिंबा बंद केला, म्हणून आता ती जॉयस्टिक गेमपोर्ट-ते-यूएसबी कन्व्हर्टर लावूनच जोडता येईल. मात्र खेळण्याजोगे नियंत्रण किती मिळते ते पाहा. संपूर्ण गेमपोर्टवर मिळून चार अक्ष आणि चार बटणे एवढीच सोय होती. एक्सबॉक्स पॅडची सगळी बटणे भरून काढायला ती पुरत नाही, त्यामुळे आजच्या गेमसाठी एमुलेटर लावून उपयोग नाही. विमानाच्या जुन्या गेमसाठी ती जरूर वापरा. ते गेम डायरेक्टइनपुटलाच विचारतात, तेव्हा कन्व्हर्टर जोडल्यावर गेमच्या सेटिंगमध्ये अक्ष नेमून दिले की काम होते.